साल

निझव्यात किल्ल्यामागच्या गल्लीत खमीसचं रसाचं दुकान आहे.
डाळिंबं जबल अख्दरची, आंबटगोड, जाड सालीची.
साल तो फेकायचा. आता आमच्यासाठी गोणीत भरतो
आणि गोणीमागे अर्धा रियाल घेतो.
तुम्ही मागितलीत, तेव्हापासून तो कचरा नाही, म्हणतो.

वाळवायची सावलीत. ऊन लागलं की तिचं बळ जातं.
इथे सावली शोधणं हेच अर्धं काम.
मग दळायची, पाण्या-अल्कोहोलात भिजवायची, गाळायची,
आणि काचेच्या गोल चंबूत मंद आचेवर फिरवत ठेवायची
तळाशी काकवीसारखं काही उरेपर्यंत.
बोटभर चाटलं तर तोंड आखडतं,
कच्च्या सुपारीसारखं.

हे मी विद्यापीठात शिकले, असं नोकरीच्या अर्जात आहे.
सांगोल्याला लोणी कढताना
आई शेवटी विड्याचं पान टाकायची.
का, म्हटलं तर म्हणायची, "टाकतात."
तूप चार महिने तसंच राहायचं.
त्या "टाकतात"चा पुरावा काढायला
मला समुद्र ओलांडावा लागला.

तारलीच्या तेलाच्या तीन बाटल्या.
एकीत अर्क, एकीत बाजारातलं रसायन,
एकीत काहीच नाही.
तिन्ही भट्टीत, साठ अंशांवर.
बिजुमोनचा हिशोब असा, की भट्टीतला एक दिवस
म्हणजे फडताळावरचा जवळजवळ महिना.
खिडकीबाहेर पंचेचाळीस. पत्र्याच्या चौकीत रखवालदार.
त्याला इथे अकरा सालं झाली.
मी गुणाकार करायला घेते
आणि सोडून देते.

रोज चारला वास घ्यायचा.
झुवैना, बिजुमोन, मी. तीन नाकं,
तक्त्यात एकच रकाना, एक ते नऊ.
आकडे मला कमी पडतात.
भात उतरतो, दूध नासतं,
ताक पितळेत कळकतं, भाकरीला बुरा येतो,
पिठाला जाळं धरतं, भाजी विटते,
आणि खोबरं, दाणे, तेल,
हे खवट होतात.
बिघडण्याच्या इतक्या तऱ्हा आम्हाला ठाऊक,
टिकण्याला मात्र एकच शब्द.
मी सात लिहिते.

नळीत जांभळं द्रावण. अर्काचा थेंब पडला
की जांभळं ओसरतं, पिवळट होतं.
मला दर वेळी काही बोलावंसं वाटतं,
स्वतः झिजून दुसऱ्याला राखणारं, वगैरे.
झुवैना चष्मा पुसत म्हणते, छे,
सालीनं ते आपल्या दाण्यांसाठी जमवलं होतं.
आपण उचललं
आणि मेलेल्या माशाला दिलं.

माझ्या कपाटात मागे एक डबा होता.
वहिनीनं कुटून दिलेली दाण्याची चटणी,
पुरवून पुरवून खाल्लेली, तळाशी दोन चमचे.
ईदच्या सुट्टीत उघडला.
कुणी नसताना प्रयोगशाळेत नेली, तेल काढलं, मोजलं.
आकडा तिसऱ्या बाटलीच्याही पुढचा.
तरी अर्काचा थेंब टाकून पाहिला,
शिकलेल्या बाईनं करू नये ते.
झालेलं परत फिरत नाही.
अर्क फक्त उशीर करतो,
तेवढ्याचाच त्याला पगार.

रात्री आईला फोनवर विचारलं,
तुपात पान टाकतेस ना अजून?
"कढवतंय कोण आता? पिशवी आणते.
कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं वर."
मग थोडं थांबून,
"तुझं कधीपर्यंत?"

साल, म्हटलं. आणखी एक साल.

सकाळी दारात गोणी होती,
वर खमीसची चिठ्ठी.
आजपासून पाऊण रियाल.